मामांचा अंदाज

पुणे, ९ जुलै २०२३

तीर्थरूप मामा,
साष्टांग नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटलं असेल. कारण आहे. मी जिथं काम करतो तिथं शेतमालाच्या वायद्यांचा व्यवहार चालतो. म्हणजे हळद अजून मातीत असते आणि ती पुढं कोणत्या भावानं जाईल यावर आमचे लोक आजच पैसे लावतात. या कामावरच्या माणसांचे फोन ऐकतात, व्हॉट्सॲप तपासतात. बाहेरच्या कुणाचा सल्ला घेतल्याचं कळलं तर नोकरी गेलीच. कागद मात्र कुणी तपासत नाही.

मामा, इथं चांगले शिकलेले लोक संगणकाचे तीन-तीन पडदे समोर घेऊन बसतात. पाऊस, निर्यात, साठा, सगळं मांडतात आणि तरी चुकतात. मला मात्र लहानपणचा हिंगोलीच्या मोंढ्यातला हळदीचा लिलाव आठवतो. तुम्ही ढिगातलं एक हळकुंड उचलायचात, कानाशी नेऊन मोडायचात, आणि व्यापारी बोली थांबवून तुमच्या तोंडाकडे बघायचे. "चढणार" म्हणालात की चढायचीच. ती देणगी आहे, ती कॉलेजात मिळत नाही. काचबिंदूनं तुमची नजर गेली, पण कान शाबूत आहेत. मला हळदीचा अंदाज कळवत जा.

फुकट मागत नाही. तुमचा अंदाज खरा निघाला तर तुमच्या कोमलच्या नर्सिंगची चारही वर्षं माझ्याकडे लागली. हा माझा शब्द.

मामी, वाचून दाखवताना काही गाळू नका. आणि उत्तर लिहाल तेव्हा अक्षर जरा मोठं काढा.

तुमचा भाचा,
हरीश


पुसेगाव, २१ जुलै २०२३

चिरंजीव हरीश यास तातेराव मामाचे आशीर्वाद.

तुझं पत्र शालीकडून दोनदा वाचून घेतलं. तिला वाचायला अर्धा दिवस लागतो, पण असो. भाच्याला मामाची किंमत कळली म्हणायची. इथं गावात आता कुणी इच्यारत न्हाई. आंधळा झालो म्हणजे मेलो, असं समजून राहिले लोक.

काल शेजारचा प्रभू मला मोंढ्यात घेऊन गेला. हळकुंड मोडलं. आवाज असा कोरडा आला की बाजूचा आडत्या दचकला. हळद चढणार. थोडी न्हाई, लई चढणार.

यंदा लावणीचं काम बायकांना सातच दिवस पुरलं. गेल्या साली वीस दिवस पुरलं होतं. नरसीपासून औंढ्यापर्यंत ज्याला त्याला इच्यारलं, लोकांनी बेणं विकून सोयाबीन पेरलं. ज्या घरात दर साली बेण्याचे गड्डे ओसरीत पडून असतात तिथं यंदा शेळ्या बांधल्यात. पुढच्या साली माल येणार कुठून? तवा बिनधास्त घे.

कोमल बारावीला पहिल्या वर्गात पास झाली. नांदेडच्या कॉलेजची यादी पुढच्या महिन्यात लागती.

तुझा मामा,
तातेराव


पुणे, १८ ऑगस्ट २०२३

तीर्थरूप मामा,

तुमचे पाय धुऊन पाणी प्यावं असं वाटतंय! हळद कुठल्या कुठं गेली. आमच्याकडे सगळे ती पडणार म्हणून बसले होते, मी एकटा घेऊन बसलो. साहेबांनी भर मीटिंगमध्ये विचारलं, "हरीश, कशावरून ओळखलंस?" मी म्हणालो, "सर, मला आतून जाणवतं." आता सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतात. मोठे क्लायंट माझं नाव घेऊन मागतात.

तुमच्यासाठी शाल पाठवतोय. मामींना एक चांगलं पेन, म्हणजे अक्षर नीट येईल.

कोमलचं माझ्या ध्यानात आहे. पण आत्ता माझा पैसा कामात गुंतलाय, ऐन चढात काढला तर नुकसान. एक वर्ष थांबली तर काय आभाळ कोसळतं? तोवर मामींच्या हाताखाली स्वयंपाक शिकेल, पुढं उपयोगीच पडतो.

आता सांगा, धरू का सोडू? आणि एक विनंती. तुमच्या पत्रात बायकांची लावणी, कुणाच्या ओसरीत काय, असलं बरंच येतं. ते नसलं तरी चालेल. मला आवाज काय आला तेवढंच हवं.

तुमचा,
हरीश


पुसेगाव, ३० ऑगस्ट २०२३

चिरंजीव हरीश यास आशीर्वाद.

शाल पोचली. पेन पोचला.

आवाजच पाहिजे म्हणतोस तर ऐक, आवाज ओला आला. सोडून दे. आठ दिवस थांबू नको.

तुला नको असलं तरी दोन वळी लिहितो. भाव ऐकून लोकांनी दडवून ठेवलेली जुनी हळद बाहेर काढली. पोरीच्या लग्नाला म्हणून पोत्यात भरून ठेवलेले कट्टेसुद्धा निघाले. रोज सकाळी आमच्या फाट्यावर पिकअप उभ्या राहून राहिल्या. एवढा माल एकदम मोंढ्यात उतरला की भाव बसणारच.

कोमलच्या कॉलेजची यादी लागली. तिचं नाव वर होतं. पैसे भरायची तारीख गेली.

तुझा मामा,
तातेराव


पुणे, २४ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप मामा आणि मामी,

भाऊबीजेला मी आईबरोबर आलो तेव्हा जे झालं त्याचा विषय काढू नये असं ठरवलं होतं. पण पुढचं काम आहे, म्हणून काढतो.

जेवताना मामा म्हणाले, "म्या तुला धर म्हणून सांगितलं होतं, तू सोडलं काहून?" मी बॅगेतून पत्र काढून वाचून दाखवलं, "सोडून दे." मामांनी विचारलं, "शाले, हे कुणी लिहिलं?" मामी, तुम्ही भाकरी थापता थापता सरळ म्हणालात, "म्या बदललं. पहिल्या पत्रातबी निम्मं माझंच होतं." मग मामांनी पाण्याचा तांब्या फेकला. मी मध्ये पडलो नाही. नवरा-बायकोच्या भांडणात भाच्यानं पडू नये, आणि भाकरीही गरम होती. तुमच्या कपाळाला चार टाके पडले असं आईनं सांगितलं. आता भरून आलं असेल.

कोमल मला सगळ्यांसमोर म्हणाली, "आईनं बदललं म्हणून तर तुम्ही वाचलात." पुण्याला येऊन मी शांतपणे विचार केला. खरं आहे, तुम्ही सोड लिहिलंत आणि हळद पडली. पण तो योगायोग झाला, मामी. देणगी मामांची आहे, तुम्ही ती मळवून पाठवत होतात. मळलेली असून एवढा फायदा झाला, तर निर्मळ आली असती तर किती झाला असता, याचा विचार करा.

आजपासून मामा जे बोलतील ते, तेवढंच आणि तसंच लिहायचं. एक शब्द इकडचा तिकडे नको. तुमचं काम हाताचं आहे, डोक्याचं नाही.

कोमलच्या तोंडाळपणामुळं माझं मन उतरलंय. तिच्या नर्सिंगचं पुढं बघू. त्यापेक्षा एखादं चांगलं स्थळ बघितलेलं बरं.

हरीश


पुसेगाव, २९ डिसेंबर २०२३

लिही. चिरंजीव हरीश यास आशीर्वाद. लिहिलं का? वाच बरं. बराबर. आता ध्यान देऊन लिही, न्हाईतर हात मोडून ठेवीन.

हरीश, लेकरा, तुझ्या मामीनं लई मोठा घात केला होता. जल्माची अडाणी. तिला काय कळतंय बाजारातलं? चुलीपुढं बसणारी बाई. आता तू काळजी करू नको, म्या ध्यान ठेवून राहिलो. चहा कुठं हाये? कवाचा मागून राहिलो. चहाचं लिहू नको, गधडे.

काल घरचंच हळकुंड मोडलं. आवाज कोरडा. होळीच्या पुढं हळद उठती बघ. घे आणि धर. कुणी काही म्हणो, मामाचं नाव घे आणि धर.

शाले, प्रभूच्या बायकोनं कपाळाचं इच्यारलं तर दाराची चौकट लागली म्हण. कळलं का? हे लिहू नको. लिहून राहिली का? पेनाचा आवाज येऊन राहिला मला. थांब म्हणलं तर. बस कर. खाली माझं नाव लिही.

तातेराव


पुणे, २ मे २०२४

मामी,

हे पत्र तुम्हाला एकट्यांना. मामांना वाचून दाखवू नका.

मामांचा निर्मळ शब्द कसा खरा ठरला बघितलंत ना? होळीनंतर हळद जी उठली ती अजून उभीच आहे. मागच्या पत्रात तुम्ही चहा, चौकट सगळंच लिहून ठेवलंत, तो तुमचा राग मला कळला. असू द्या.

आता खरं बोलतो. इथं सगळे म्हणतात, फार वर आली, उतरा. माझ्या आतून मात्र काहीच येत नाही, मामी. कधीच आलं नव्हतं. पण आता माघार घेता येत नाही, कारण चार मोठे क्लायंट माझ्या 'आतून' येण्यावर पैसे लावून बसलेत. मीही सगळं लावणार आहे. माझं, सासऱ्यांचं. आईचं हिंगोलीचं घरही तारण ठेवलंय. तिला सांगितलं की बाबांच्या पेन्शनचा कागद आहे, तिनं न वाचता सही केली. माझ्यावर विश्वास आहे तिचा. एकदाच मोठा हात मारतो आणि घर सोडवून घेतो, तिला कळणारही नाही.

मामांना विचारा आणि ते सांगतील तसं लिहा. आणि खाली, वेगळ्या कागदावर, तुमचं लिहा. तुम्हाला काही कळतं असं मी म्हणत नाही. पण विचारायला काय जातं? तेव्हा बदललंत ते कशावरून, ते मला आता आठवायला लागलंय.

लावू का नको? खरं सांगा. तुमचंही जुळलं तर कोमलचे पैसे त्याच दिवशी पाठवतो. आईची शपथ.

हरीश


पुसेगाव, ९ मे २०२४

लिही. हरीश, कसला भ्याला रे मर्दा? तातेरावचा भाचा ना तू? आवाज असा आला की कानात दडा बसला. हळद अजून दुप्पट होणार. असंल नसंल ते लाव. मी माझे कट्टे हात लावू देत न्हाई कुणाला, दसऱ्याला काढीन. नाव लिही माझं.

तातेराव


(वेगळा कागद)

हरीश यास शालू मामीचा आशीर्वाद.

इच्यारलंस म्हणून लिहिते. मामांचा अंदाज बराबर हाये. माझंबी तेच म्हणणं. लाव.

शालूबाई


पुणे, १९ ऑगस्ट २०२४

मामा, मामी,

तुमचं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं लावलं. थोडे दिवस हळद हलली नाही. मग बसायला लागली. मी म्हटलं, मामांनी धर म्हटलंय. मामींचंही तेच आहे. धरलं. जितकी बसत गेली तितका धरत गेलो. शेवटी कंपनीनंच माझ्या हातातून काढून घेतलं.

नोकरी गेली. सासरे येऊन मीनलला घेऊन गेले. दोन क्लायंट घरापर्यंत आले, त्यातल्या एकानं माझ्या कानाखाली मारली. तो म्हणाला, "आता आतून काय जाणवतं सांग." जिन्यात शेजारी उभे होते.

हिंगोलीचं घर गेलं. येत्या गुरुवारी आईला ते रिकामं करावं लागेल. तिला खरं सांगितलेलं नाही. कंपनीनं मला फसवलं, माझ्या सह्या वापरल्या, एवढंच तिला माहीत आहे. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाली, घर काय, माणसं असली की झालं. मला तिच्याकडे बघवेना.

गुरुवारच्या बसनं तिला तुमच्याकडे पाठवतो. चार दिवस ठेवून घ्या. मामी, तिला तुमच्याशिवाय कोण आहे?

मामांना एवढंच विचारा, कुठं चुकलं?

हरीश


पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

मामी,

मी तीन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. फोन लावला की मामा उचलतात आणि, "हळद उठणार हाये, धीर धर," म्हणतात. आईला द्या म्हटलं तर ती कामावर गेली म्हणतात. कुठल्या कामावर? तिला गुडघ्याचा त्रास आहे.

मी आता एका गोदामात लोकांची हजेरी घेतो. महाशिवरात्रीला दोन दिवस सुटी मागितली आहे. औंढ्याला दर्शन घेऊन पुसेगावला येतो. आईला एकदा बघायचंय. दुसरं काही नको.

हरीश


पुसेगाव, १४ फेब्रुवारी २०२५

हरीश,

तुझी चारी पत्रं पोचली. मामांना एकबी वाचून दाखवलं न्हाई. आज माझं मीच लिहून राहिले, सांगणारं कुणी न्हाई.

कुठं चुकलं म्हणून इच्यारलं होतंस. मामांचं काही चुकलं न्हाई. ते जल्मभर असेच बोलत आले. तू लहानपणी मोंढ्यात जे बघितलंस ते माझंच होतं. आमची चौदा बायकांची टोळी. लावायला आमी, खंदायला आमी, शिजवायला आमी. अर्ध्या जिल्ह्याचे वावर पायाखालून जातात. कुणाकडं गड्डे किती भरले, कुणी बेणं इकलं, कुणी माल दडवला, हे मालकाच्या आधी मजुरीणीला कळतं. मग भाकरी झाल्या की मी डोळे झाकून बसायची. सगळ्या गावांची अंगणं डोळ्यापुढं यायची, कुठं पिवळं, कुठं मोकळं. जे दिसंल ते जेवताना बोलायची. हे दुसऱ्या दिवशी मोंढ्यात जाऊन हळकुंड मोडायचे आणि तेच सांगायचे. बावीस वर्षं. मला कधी वाईट वाटलं न्हाई. घरातलंच होतं, घरातच ऱ्हायलं, असं म्हणायची. तांब्या बसल्यापासून मात्र जेवताना मी बोलायची बंद झाले. होळीला त्यांचं जुळलं ते त्यांच्या नशिबानं.

आता तुझं. मागच्या वैशाखात हळद पडणार हे मला बराबर ठावं होतं. लावली थोड्यांनी, पण जिथं लावली तिथं दाट भरली. आमची टोळी खंदायला गेली की एका वावरात चार दिवस पुरायचे, तिथं गेल्या साली सहा-सहा दिवस लागले. भाव बघून ज्यानं त्यानं धरून ठेवलेली. दारोदार कट्टे रचलेले, माणसं बाजंवर कट्टे घालून आपण खाली निजायची. तुझं पाकीट आलं त्याच आठवड्यात, सोमवारी, हे प्रभूसंगं औंढ्याला दर्शनाला गेले आणि म्या पिकअप बोलावून आमचे सगळे कट्टे मोंढ्यात घातले. चढ्या भावात गेले. त्यातून कोमलचं नांदेडला नाव घातलं. तिचं एक वर्ष तू खाल्लंस, तरी ती गेली. यांना सांगितलं की सरकारनं फुकट घेतली.

यांना अजून ठावं न्हाई. एक कट्टा हळदीचा ठेवलाय दारापाशी. मागच्या सगळ्यांत दाणे काढलेली मक्याची कणसं भरली. रोज उठून चाचपत जातात, सगळ्या कट्ट्यांवर हात फिरवतात, पुढच्यातलं एक हळकुंड मोडतात आणि म्हणतात, "शाले, आवाज कोरडा हाये. अजून थांबू." मी व्हय म्हणते. लोकं येऊन इच्यारतात, तातेरावनं अजून इकली न्हाई म्हणजे काहीतरी असंल. त्यांच्या नादानं चार घरांनी धरून ठेवली आणि डोक्याला हात लावून बसले. आता त्यांची पोरं यांना रस्त्यात हळद्या म्हणून हाक मारतात. हे हसतात. मान समजतात.

माझा कागद वाचून तू लावलंस. तो कागद म्या खोटा लिहिला. मामांच्या पत्रात फिरवाफिरव केली असंल, पण हळदीच्या भावाच्या बाबतीत तुला म्या एवढंच एकदा खोटं लिहिलं. तांब्यासाठी न्हाई. तांबे लई खाल्ले. तू मान खाली घालून गरम भाकर खात ऱ्हायलास, त्यासाठीबी न्हाई. तूच लिहिलंस, 'तुम्हाला काही कळतं असं मी म्हणत नाही.' एका हातानं भीक मागत होतास आणि त्याच हातानं तोंडात मारत होतास. एवढी गरज पडूनबी तुझ्या तोंडातून निघंना की, मामी, तुम्हाला कळतं. ते वाचलं आणि मला तुझी घाण आली.

त्यानं कोमलचं काही भलं व्हणार नव्हतं. तिचे पैसे आधीच बाजूला काढले होते. उगीच लिहिलं म्हण. तुझं वाटोळं बघावं वाटलं, म्हणून लिहिलं.

तुझ्या आईच्या घराचं त्याच पत्रात होतं. खोटं कशाला बोलू, त्यानं दोन दिवस हात चालंना. मला लिहाय-वाचाय वन्संनी शिकवलं. लग्न होऊन आले तवा मला माझं नाव काढता येत न्हवतं. मोंढ्याच्या पावत्या उलट्या करून त्यांच्यावर त्यांनी अक्षरं गिरवून घेतली, भावाला कळू न देता. अशी बाई. कागद पुढं घेऊन दोन दिवस बसले, आणि तिसऱ्या दिवशी लिहिलं. वन्संचं घर जाणार हे कळून सवरून लिहिलं. तुला वाटत असंल मामीला आता पस्तावा व्हत असंल. व्हतो. पण तुझ्यासाठी न्हाई.

वन्सं आमच्या टोळीत येतात. म्या नको म्हणलं होतं. फुकट खाणार न्हाई म्हणल्या. सध्या हळद खंदणं चालू हाये. त्यांना खाली बसता येत न्हाई, तवा आमी खंदतो आणि त्या उभ्यानं गड्डे झाडतात. हेडमास्तरांची बायको. हात पिवळे झालेत, नखं काळी पडलीत. बायका आता त्यांनाबी सांगतात, वन्सं, हात उचला. दुपारी शिदोरी सोडली की त्या रोज एकच बोलतात, "शालू, माझ्या हरीशला ज्यानं फसवलं त्याच्या तोंडात माती पडो." मी त्यांच्या भाकरीवर ठेचा वाढते.

शिवरात्रीला येतो म्हणतोस. येऊ नको.

आलास तर उंबऱ्याच्या आत येण्याआधी तुझं २ मेचं पत्र त्यांच्या हातात देईन. माझ्या पेटीत हाये, तुझ्याच अक्षरातलं. पेन्शनचा कागद म्हणून सही घेतली, ते तूच लिहिलंय. वन्संना वाचता येतं, मला मधे बोलायची गरज पडणार न्हाई. त्याच्यासंगं माझा कागदबी तुझ्याकडं असंल तर घेऊन ये आणि दाखव. मग त्या आपल्या दोघांनाबी काय म्हणायचं ते म्हणतील. माझी तयारी हाये. तुझी असंल तर ये.

नसंल तर त्यांना त्यांचा पोरगा फसवला गेलेला, गरीब आणि चांगला, असाच राहू दे. त्याच्यावरच त्या जगून राहिल्या. फोनबी लावू नको, आता मोबाइल म्या घेऊन ठेवलाय.

आज सकाळी वावरात जाताना त्यांनी इच्यारलं, "शिवरात्रीला हरीश येईल का गं?" म्या सांगितलं, त्याला सुटी मिळाली न्हाई. त्या म्हणल्या, "काम सोडून येऊ नकोच म्हणावं." तवा तसं लिहून राहिले.

शालूबाई